पत्करलेली थंडी व पदरीं आलेली थंडी

शरीरास क्लेश दिल्यानें माणूस चांगला होतो कीं काय, हा प्रश्न आपल्या देशांत फार जुना आहे. पंचाग्निसाधन करणारे, माघमासीं पहाटे नदींत उभे राहून स्नान करणारे, वर्षानुवर्षें एक हात वर धरून बसणारे, अशा सर्वांना आपल्या पूर्वजांनीं नमस्कार केला. आणि त्याच पूर्वजांनीं देहदंडाचा फोलपणाही वेळोवेळीं बोलून दाखविला. गौतम बुद्धानें उपासतापासानें देह झिजविला व शेवटीं तो मार्ग सोडून दिला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. एवढा विचार झाल्यावर हा प्रश्न एकदांचा निकालांत निघाला असेल, असें कोणास वाटेल. आमच्या मतें तो निकालांत निघालेला नाहीं. त्यानें नुसता वेष बदलला आहे. व्याघ्रांबर टाकून तो आतां लोकरीची कानटोपी घालून सायकलीवर बसला आहे, आणि पौष महिन्यांत सूर्योदयापूर्वीं शिरूर व दौंड या तालुक्यांतील कोणत्याही रस्त्यावर तो आपणांस भेटूं शकतो. तेव्हां त्याचा विचार त्याच रस्त्यावर उभें राहून करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हे दोन्ही तालुके पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहेत. शिरूर घोड नदीच्या कांठीं, तर दौंड भीमेच्या कांठीं. शिरूरहून निघून न्हावऱ्यावरून, पारगांवाजवळ भीमा ओलांडून, केडगांव-चौफुल्याकडे जाणारा जो सुमारें पन्नास किलोमीटरांचा रस्ता आहे, तो या दोन तालुक्यांस जोडतो. रस्त्याच्या दोहों बाजूंस कोठें रब्बीची ज्वारी, कोठें ऊंस, तर कोठें उघडा माळ लागतो. हिवाळ्यांत येथील आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. ढगांचें पांघरूण नसल्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली ऊब झपाट्यानें टाकून देते. थंड झालेली हवा जड होऊन सखल भागीं उतरते व नदीनाल्यांच्या खोलगट जागीं सांचून राहते. म्हणूनच माळावरून येणारा सायकलस्वार पुलाच्या उतारास लागला कीं, आडांत उतरावें तसा गारठा त्यास लागतो. खुद्द पुण्यांत १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पूर्वेकडील या भागांतही ऐन कडाक्याच्या दिवसांत ६ ते ८ अंशांच्या पहाटा येतात. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं कधीं कधीं दंव गोठून पांढरें होतें, तसें येथें सहसा होत नाहीं. परंतु सायकलीवर बसणाऱ्यास बर्फाची गरज लागत नाहीं, कारण त्याचा वेगच वारा निर्माण करतो. ८ अंशांच्या स्तब्ध हवेंत ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या उघड्या चेहऱ्यास ती हवा सुमारें ५ अंशांसारखी लागते. चढावर घाम येतो, उतारावर तोच घाम गार पडून पाठीस डसतो. आणि बोटें एकदां बधिर झालीं म्हणजे ब्रेक दाबला आहे कीं नाहीं, हेंही धड समजत नाहीं.

अशा पहाटे या रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलस्वार आढळतात. एके काळीं एकच प्रकार होता. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी, सारेच सायकलीवर बसत. पुण्याची तर सायकलींचें शहर म्हणून ख्याति होती. पुढें स्वयंचलित दुचाक्या आल्या, आणि ज्यास ती घेणें परवडलें त्यानें सायकल सोडली. दूधवाल्यानेंही सोडली. त्यामुळें सायकल आतां समाजाच्या दोन टोंकांस उरली आहे. एका टोंकास, जिला पर्याय नाहीं अशी मंडळी: रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, रांजणगांवच्या कारखान्यांकडे निघालेला कंत्राटी मजूर, वर्तमानपत्रें टाकणारा पोरगा, वस्तीवरून शाळेस येणारी मुलगी, पुण्याकडे जाणारी पहाटेची गाडी गांठण्यासाठीं दौंड स्टेशनाकडे पायंडल मारणारा कामगार. दुसऱ्या टोंकास, दारांत मोटार असूनही सायकल काढणारे डॉक्टर, अभियंते व प्राध्यापक. यांच्यापैकीं कित्येकजण २०० किलोमीटरांचें अंतर साडेतेरा तासांच्या आंत तोडण्याची परीक्षा हौसेनें देतात, व त्यासाठीं थंडीच्या पहाटे घर सोडतात. त्यांच्या सायकलीची किंमत पहिल्या टोंकावरील माणसाच्या वर्षभराच्या मिळकतीइतकीही असूं शकते. दोघांच्याही तोंडावर वारा तोच आणि दोघांचींही बोटें सारखींच बधिर. तर मग या दोघांच्या थंडींत नैतिक दृष्ट्या कांहीं भेद आहे काय, आणि असल्यास तो कोणता, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर असें दिलें जातें कीं, श्रेष्ठत्व हौशी सायकलस्वाराकडे आहे. कारण पुण्य हें स्वेच्छेनें केलेल्या कृत्याचेंच असतें. ज्याला थंडींत जावेंच लागतें, त्यानें थंडी सोसली यांत त्याची निवड ती कोणती? उलट, ऊबदार अंथरूण सोडणें ज्याच्या मर्जीवर आहे आणि तरीही जो तें सोडतो, त्यानें स्वतःवर कांहीं तरी विजय मिळविला. हें म्हणणें टाकाऊ नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परत आले. अगदीं आपल्या काळांत, २०१८ सालीं, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या विशीच्या मुलीनें सुमारें २९,००० किलोमीटरांचा जगप्रवास १५९ दिवसांत सायकलीवरून पुरा केला, आणि त्यांत उणे २० अंशांपर्यंतची थंडी व रशियांतील बर्फ सोसलें. अशा माणसांविषयीं ज्यास आदर वाटत नाहीं, त्याच्या मनांत कांहीं तरी उणें आहे असेंच आम्ही म्हणूं. त्यांच्यामुळें माणसाच्या शक्तीची सीमा आपल्या समजुतीपेक्षां पुष्कळ पुढें आहे, हें सर्वांसच कळतें.

दुसरें उत्तर याच्या अगदीं उलट आहे. तें देणारे म्हणतात कीं, हौशी सायकलस्वाराची थंडी ही खोटी थंडी. तो भरल्या पोटाचा खेळ आहे. ज्यास घरीं गेल्यावर गरम पाण्याचा नळ, चहाचा पेला व मऊ रजई वाट पाहत असते, त्यानें थंडी सोसली असें म्हणणें म्हणजे एकादशीस फराळाचें ताट रिचवून उपवास घडला म्हणण्यासारखें आहे. खरा काटक तो पहारेकरी. त्याच्या थंडीस टाळी नाहीं, छायाचित्र नाहीं आणि सुटकाही नाहीं. या बोलण्यांत तिखटपणा पुष्कळ आहे व सत्यही थोडें आहे. परंतु पहारेकऱ्यास खरा काटक ठरवून त्याची आरती ओवाळणाऱ्यांनीं एवढें तरी सांगावें कीं, उद्यां त्याला मोटारसायकल घेतां आली तर तो ही थंडी ठेवील काय? तो ती तत्काळ सोडील, आणि त्यांत त्याचें कांहींही चुकणार नाहीं. जी गोष्ट माणूस संधि मिळतांच सोडतो, तिला त्याचा सद्गुण म्हणणें ही त्याच्या दुर्दैवास दिलेली पदवी आहे. त्या पदवीनें त्याच्या बोटांस ऊब येत नाहीं.

आमच्या मतें दोन्ही उत्तरें एकाच ठिकाणीं चुकतात. दोघेही थंडींत गुण शोधतात; एकाला तो निवडीनें आलेला दिसतो, दुसऱ्याला तो दैन्यानें आलेला दिसतो. वास्तविक, थंडी सोसणें या कृत्यास स्वतःचें असें कोणतेंच नैतिक मूल्य नाहीं. तें शरीराचें एक काम आहे. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायु थरथरतात, शरीर आपली ऊब हातापायांकडून काढून घेऊन काळजाभोंवतीं राखतें. सज्जनाचें शरीर हें करतें आणि दुर्जनाचेंही करतें. मूल्याचा प्रश्न पुढें उत्पन्न होतो: सोसून झाल्यावर त्या सोसण्याचें माणूस काय करतो? हा प्रश्न मात्र दोन्ही टोंकांच्या सायकलस्वारांस सारखाच लागू पडतो, आणि जे सायकलीवर मुळींच बसत नाहींत त्यांसही लागू पडतो.

पुढें जाण्यापूर्वीं दोन थंड्यांमधील खरा भेद कोठें आहे तें स्पष्ट केलें पाहिजे. तो पाऱ्याच्या अंशांत नाहीं. तो परत फिरण्याच्या अधिकारांत आहे. हौशी स्वाराचें चाक पंक्चर झालें, ताप आला, अंधाराची भीति वाटली, तर तो घरीं फोन करतो व मोटार येते. त्याची थंडी एकटी येते. पहारेकऱ्याची थंडी एकटी कधींच येत नाहीं. तिच्यामागें तिचें सारें कुटुंब येतें. गाळपाच्या हंगामांत, म्हणजे नेमक्या याच महिन्यांत, रस्त्यावर उंसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात; मागें दिवा किंवा लाल परावर्तक नसला तर पहाटेच्या धुक्यांत ती ट्रॉली सायकलस्वारास अंगावर आल्यावरच दिसते. उंसाच्या फडांत बिबट्या असतो. २०२५ सालीं शिरूर तालुक्यांतील पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलेंही दगावलीं. शेतीपंपांची वीज पुष्कळ ठिकाणीं पाळीपाळीनें रात्रीं येत आली आहे, म्हणून पाणी धरण्यासाठीं शेतकरी मध्यरात्रीं बांधावर उभा असतो. उशीर झाला तर रोज बुडतो. या सर्व गोष्टी मिळून पदरीं आलेली थंडी बनते. पत्करलेली थंडी कितीही कडक असली, तरी तिच्यांतून या इतर गोष्टी वगळलेल्या असतात. म्हणून ‘मीही तीच थंडी सोसली’ असें म्हणण्याचा अधिकार हौशी सायकलस्वारास नाहीं. त्यानें तेवढेंच तापमान सोसलें, इतकेंच त्यानें म्हणावें.

मग पत्करलेल्या थंडीचा उपयोगच काय, असें कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो थोडा नाहीं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका हा अत्यंत श्रीमंत गृहस्थ होता. तरी त्यानें आपल्या मित्रास असा सल्ला दिला कीं, अधूनमधून कांहीं दिवस जाडेंभरडें खाऊन व जाडेंभरडें नेसून राहावें, म्हणजे ज्या दारिद्र्याची आपण एवढी भीति बाळगतों तें प्रत्यक्षांत कसें असतें हें आधींच कळून जाईल. यांत मोठें शहाणपण आहे. मध्यमवर्गीय माणसाचे पुष्कळसे नीच व्यवहार भीतीपोटीं घडतात. नोकरी जाईल, सुख कमी होईल, मुलांना मोटारीऐवजीं पायीं जावें लागेल, या भीतीनें तो अन्यायापुढें मान तुकवितो व खोट्यावर सही करतो. ज्यानें पंधरा-वीस पहाटा सायकलीवर काढल्या आहेत, त्याला निदान एवढें ठाऊक होतें कीं थोडक्यांतही भागतें. ही लहानशी निर्भयता त्याला एखाद्या दिवशीं मोठी उपयोगी पडेल. शिवाय आनंद आहेच. घोडेच्या पुलावर तांबडें फुटत असतां, गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास येत असतां, अंगांत हळूहळू ऊब भरूं लागते तेव्हां जें सुख होतें, तें सुख म्हणूनच चांगलें आहे. त्याला तप म्हणण्याची कांहींएक गरज नाहीं. आनंदास आनंद म्हणण्याची आपल्या सुशिक्षित वर्गास लाज कां वाटते कोण जाणे! प्रत्येक मौजेस त्याला साधनेची मोहोर लागते.

येथेंच धोक्याची जागा आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्कार, मान व पूजा यांसाठीं केलेलें तें राजस. आणि मूढ हट्टानें, स्वतःस पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठीं केलेलें तें तामस. राजस तपाची ओळख पटण्यास आज फार श्रम पडत नाहींत; पहाटेच्या पन्नास किलोमीटरांचा वृत्तांत न्याहारीपूर्वीं दोनशे परिचितांच्या हातांतील फोनवर पोंचलेला असतो. हा दोष आम्हांस फारसा भयंकर वाटत नाहीं. कौतुकाची भूक ही बाळपणापासूनची भूक आहे, आणि तिनें जर कोणास अंथरुणांतून उठविलें तर बिघडलें काय? आम्हांस भय वाटतें तें तिसऱ्या प्रकाराचें. आपल्या कष्टानें दुसऱ्याचा नाश व्हावा असें कोणी सायकलस्वार चिंतीत नसतो, हें खरें; परंतु आपल्या कष्टाचा तो दुसऱ्यासाठीं चाबूक मात्र करूं शकतो.

हा चाबूक आपल्या घराघरांत आहे. ‘आम्ही तुमच्या वयाचे असतांना सहा मैल सायकलीनें शाळेस जात होतों, हातमोजे कोणीं पाहिले होते!’ हें वाक्य ज्या घरांत ऐकूं आलें नाहीं तें घर विरळा. वडिलांनीं खरोखरच तसें केलेलें असतें. त्या कष्टांतून त्यांना दोन निष्कर्ष काढतां आले असते. एक असा कीं, थंडींत बोटें बधिर होतात, तेव्हां मुलांना हातमोजे असावेत. दुसरा असा कीं, मला मिळाले नाहींत, तेव्हां कोणालाच मिळूं नयेत. दोन्ही निष्कर्ष एकाच अनुभवांतून निघतात, आणि त्यांतला कोणता काढावयाचा हें थंडी ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो. हौशी सायकलस्वार जेव्हां आपल्या कारखान्यांतील मजुरास म्हणतो कीं, ‘मी पन्नास वर्षांचा असून थंडींत एवढा येतों, आणि तुम्हांला पाळीस यावयास उशीर कसा होतो?’ तेव्हां तो आपल्या पत्करलेल्या थंडीनें दुसऱ्याची पदरीं आलेली थंडी मोजीत असतो. ज्या मापास परत फिरण्याचा अधिकार चिकटलेला आहे, त्या मापानें हा अधिकार नसलेल्याचें सोसणें मोजणें हा खोटा व्यवहार आहे. त्यापेक्षां तो रजई पांघरून निजला असता तर बरें, कारण मग त्याच्या मनांत निदान थोडा संकोच तरी राहिला असता.

दौंड-शिरूरच्या ऊंसपट्ट्यांत या चाबकाचा आणखी एक गोड प्रकार आढळतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून ऊंसतोडणीचीं कुटुंबें येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एखाद्या दिवशीं गैरहजर राहिल्यास खाडा कापला जातो. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपींत लेंकरें निजवून हीं माणसें पहांटेपूर्वींच फडावर असतात, आणि दंवानें भिजलेला ऊंस उघड्या हातांनीं धरतात. रस्त्यानें जाणारे आपण त्यांना पाहून म्हणतों, ‘काय काटक लोक आहेत! यांना थंडी कशी ती वाजत नाहीं.’ हें ऐकावयास कौतुकासारखें लागतें. परंतु या कौतुकाचा हिशेब केला तर असें दिसतें कीं, त्यांना थंडी वाजत नाहीं असें एकदां मानलें म्हणजे कांबळें देण्याचें कारण उरत नाहीं. त्यांना थंडी वाजते. त्यांच्या लेंकरांना तर फारच वाजते. तोंडानें गाइलेला काटकपणा हा पुष्कळदां न दिलेल्या कांबळ्याचा मोबदला असतो.

सोसण्यांतून दुसरा, म्हणजे चांगला निष्कर्ष काढल्याचें उदाहरण शोधण्यास आम्हांस फार दूर जावयास नको. आमच्या याच रस्त्यावर केडगांव आहे. तेथें आपलें उत्तरायुष्य घालविणाऱ्या पंडिता रमाबाई यांनीं तरुणपणीं दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण थोड्याच काळांत गमावलीं; पुढें भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या पायीं देशभर हिंडल्या. त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीच्या रात्रीं पांघरावयास कांहीं नसल्यामुळें भावंडांनीं वाळूंत दोन खड्डे खणले व डोकें तेवढें बाहेर ठेवून कोरड्या वाळूनें आपलीं अंगें झांकून घेतलीं. पदरीं आलेली थंडी याहून अधिक ती कोणती? एवढें सोसलेल्या बाईस जगाला कठोरपणा शिकविण्याचा अधिकार होता, असें कोणीही म्हटलें असतें. त्यांनीं तो वापरला नाहीं. सन १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हां त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व तेथील अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुढील दुष्काळांतही त्यांनीं तेंच केलें, आणि शेंकडों मुलींना व स्त्रियांना केडगांवीं छप्पर, अन्न व हाताला काम मिळालें. त्यांच्या धर्ममतांविषयीं महाराष्ट्रांत मतभेद झाले व ते आजही असूं शकतील. आमच्या प्रश्नाशीं त्यांचा संबंध नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, झेलमच्या वाळूंतील थंडी केडगांवांत येऊन पांघरूण झाली. सोसण्याचें मूल्य असेल तर तें या रूपांतरांत आहे.

असें रूपांतर घडण्यास मोठें चरित्रच लागतें, असेंही नाहीं. दौंड तालुक्यांतूनच तुकाराम महाराजांची पालखी जाते. यवत व वरवंड येथें तिचे मुक्काम असतात. वारीचे कष्ट हे पत्करलेले कष्ट आहेत. वारींत थंडीऐवजीं पाऊस व चिखल असतो. परंतु तत्त्व तेंच. यवतेस गांवकरी वारकऱ्यांना पिठलें-भाकरी घालतात. ‘तुम्ही स्वेच्छेनें निघालां आहां, तेव्हां उपाशी राहा’ असें कोणी म्हणत नाहीं. आणि चालणाराही ‘मी एवढा चाललों, तूं कां नाहीं चालत?’ असें भाकरी देणाऱ्यास विचारीत नाहीं. तो त्यास ‘माउली’ म्हणतो. एकानें सोसावें व दुसऱ्यानें त्याचें सोसणें हलकें करावें, हे दोन्ही व्यवहार तेथें शेजारींशेजारीं चालतात आणि एकमेकांस उणेपणा आणीत नाहींत.

आतां थोडें परदेशाकडे पाहूं. फिनलंडमध्यें औलू नांवाचें एक शहर आहे. तें उत्तर ध्रुववृत्तापासून फारसें दूर नाहीं. हिवाळ्यांत तेथील जमीन महिनोन्महिने बर्फाखालीं असते. तरीही तेथें लोक हिवाळाभर सायकली चालवितात; लहान मुलेंसुद्धां सायकलीनें शाळेस जातात. हिवाळी सायकलप्रवासाचा विचार करण्यासाठीं २०१३ सालीं एक आंतरराष्ट्रीय परिषद तेथें भरली होती. हें वाचून आपल्याकडील एखादा गृहस्थ लगेच म्हणेल, ‘पाहा, केवढी काटक जात!’ परंतु त्या काटकपणाच्या मुळाशीं पाहिलें तर नगरपालिका दिसते. सायकलींसाठीं मोटारींपासून वेगळे मार्ग बांधलेले आहेत, त्यांवर दिवे आहेत, व बर्फ पडलें कीं तें पहाटेच दाबून किंवा काढून मार्ग मोकळे केले जातात. म्हणजे तेथील माणूस आपल्याहून अधिक सद्गुणी आहे असें नव्हे. सोसण्याचा बराचसा भाग समाजानें उचलून घेतला आहे, आणि व्यक्तीकडे फक्त गार वारा तेवढा ठेविला आहे. गार वारा सोसावयास कोणाचीच फारशी हरकत नसते.

आमच्या रस्त्यावर बर्फ नाहीं. येथें काढून टाकावयाच्या गोष्टी दुसऱ्या आहेत, आणि त्या बर्फाहून हलक्या आहेत. ट्रॉलीच्या मागें लाल परावर्तक लावणें, रस्त्याची कड भरून घेणें, वस्तीच्या फांट्यावर एक दिवा लावणें, पाळी सुटण्याच्या वेळीं कामगारांसाठीं गाडी ठेवणें, कोपींतल्या मुलांना पांघरूण देणें, यांतील कोणत्याही कामास वीरपुरुष लागत नाहीं. तीं कामें कोणी तरी मागावीं लागतात, आणि मागणाराच्या बोलण्यांत जोर असावा लागतो. पत्करलेल्या थंडीचा खरा उपयोग आम्हांस येथें दिसतो. न्हावऱ्याच्या रस्त्यावर अंधारांत दिवा नसलेली ट्रॉली अगदीं समोर आल्यावर जो दचकला आहे, तो ही गोष्ट जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढें ज्या शब्दांत मांडील, ते शब्द मोटारींतून जाणाऱ्यास सुचणार नाहींत. पहारेकऱ्यास तो अनुभव रोजचा आहे, पण त्याचें ऐकतो कोण? हौशी सायकलस्वाराचें ऐकलें जातें. त्याची विद्या, ओळख व वजन हें पहाटेच्या रस्त्यास उपयोगी पडावें, एवढ्यासाठीं जरी तो थंडींत बाहेर पडला तरी त्याची थंडी सार्थकीं लागली, असें आम्ही समजूं.

शेवटीं एका गोष्टीचा विचार केलाच पाहिजे, कारण ती आमच्या बहुतेक वाचकांच्या घरची आहे. मुलांस थंडींत सायकलीनें शाळेस पाठवावें कीं मोटारीनें सोडावें? मुलाची थंडी ही एक तिसरीच जात आहे. त्यानें ती पत्करलेली नसते, आणि परिस्थितीनेंही ती त्याच्या पदरीं घातलेली नसते. ती आईबापांनीं नेमून दिलेली असते. म्हणून आईबापांवर जबाबदारी अधिक येते. ‘कणखर व्हावा’ म्हणून मुलाला पहाटे ढकलून देणें यांत आम्हांस गुण दिसत नाहीं. त्यांतून पुष्कळदां पुढचा चाबूक तयार होतो. उलट, त्याला थंडीचा वाराही लागूं न देणें यानें तो भित्रा तरी होतो, नाहीं तर आंधळा. मोटारीच्या कांचेंतून पाहिलेली मुलगी, जी वस्तीवरून मफलर गुंडाळून सायकल मारीत येत आहे, ती त्यास देखाव्यासारखी दिसते. तीच वर्गांत त्याच्या शेजारीं बसते हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. म्हणून त्यास सायकल द्यावी, कानटोपी व हातमोजे द्यावेत, दिवा व घंटा नीट आहे कीं नाहीं तें पाहावें, पहिले कांहीं दिवस स्वतः बरोबर जावें, आणि ज्या दिवशीं तो ‘आज नको’ म्हणेल त्या दिवशीं त्यास लाजवूं नये. एवढें झाल्यावर तो ज्या पहाटा जाईल त्या त्याच्या स्वतःच्या होतील. आणि एखाद्या दिवशीं घरीं येऊन तो म्हणाला कीं, ‘आई, तिच्या हातांत मोजे नव्हते,’ तर त्या सायकलीचे पैसे वसूल झाले असें त्या घरानें खुशाल समजावें.

तात्पर्य, ज्यास थंडी पत्करतां येते त्यानें ती अवश्य पत्करावी; तींत आरोग्य आहे, मौज आहे व थोडी निर्भयताही आहे. पण घरीं आल्यावर, चहाचा पेला हातांत धरून बोटांत पुन्हा जीव येत असतां, त्यानें स्वतःस एवढें विचारावें: या थंडीमुळें मी इतरांकडून अधिक सोसण्याची अपेक्षा करूं लागलों, कीं इतरांना कमी सोसावें लागावें अशी इच्छा करूं लागलों? पहिलें उत्तर आलें तर दुसऱ्या दिवशीं रजई पांघरून निजण्यांत त्यानें कमीपणा मानूं नये. दुसरें आलें, तर घोडेकांठच्या व भीमाकांठच्या त्या पहाटा, त्याच्या स्वतःच्या नसल्या तरी, ज्यांना त्या चुकवितां येत नाहींत त्यांच्या कामीं आल्या, असें म्हणावयास आम्हांस कांहीं हरकत दिसत नाहीं.